वाडग्यात दूध किती घालायचं? कॉर्नफ्लेक्स, पोहे, लाह्या आणि ओट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी सकाळचा नाश्ता माझ्याकडे आहे. बायकोची लोकल लवकरची, मुलांची शाळेची गाडी तिच्या मागून, आणि आई आंघोळ-पूजा आटपून नऊला टेबलाशी येते. एकाच डब्यातले कॉर्नफ्लेक्स, एकाच पातेल्यातलं दूध, तरी प्रत्येकाचा वाडगा वेगळा लागतो. मुलाला शेवटच्या चमच्यापर्यंत कुरकुरीत हवेत, मुलीला निम्मे भिजलेले, आईला कवळीला सोसतील इतके मऊ. रोज ओतून हाताला जे कळलं आणि डब्यांवरचं छापील वाचून जे ताडून पाहिलं, ते इथे लिहिलंय. प्रश्न नातेवाईक, शेजारी आणि मुलांच्या मित्रांच्या आयांनी विचारलेले आहेत.

एका वाडग्याला दूध नेमकं किती लागतं?

मोठ्या माणसाच्या एका वाडग्यात 30 ग्रॅम कॉर्नफ्लेक्स धरले तर 100 ते 125 मिलिलिटर दूध पुरतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या पिशवीत चार वाडगे होतात. ब्रिटनमधल्या डब्यांवर 30 ग्रॅमला 125 मिली असंच छापलेलं असतं. अमेरिकेतल्या डब्यावर 42 ग्रॅमला पाऊण कप दूध सांगितलंय, तिथला पाऊण कप म्हणजे 177 मिली. दोन्हीकडे भागाकार करून पाहा, उत्तर जवळजवळ एकच येतं: जितके ग्रॅम फ्लेक्स, त्याच्या चौपट मिली दूध. हा आकडा वरची मर्यादा म्हणून लक्षात ठेवा. ज्यांना कुरकुरीत आवडतात त्यांनी तिपटीवर थांबावं.

रोज मोजून कोणी ओतत नाही, मीही नाही. नजरेचं माप असं: फ्लेक्स वाडग्यात घातल्यावर त्यांची जी उंची होते, तिच्या निम्म्यापर्यंत दूध. मधोमध न ओतता काठाने ओतायचं. ओतताना काठाजवळच्या फ्लेक्सकडे बघत राहा. आधी काही हलत नाही, मग एक क्षण असा येतो की काठाचे दोन-चार फ्लेक्स हलके होऊन वर उचलले जातात. तिथे हात थांबवायचा. वरचा थर कोरडाच राहतो, आणि तो तसाच राहायला हवा.

घरात वजनकाटा नाही. वाटीने कसं मोजायचं?

आधी आपली वाटी केवढी आहे ते एकदाच बघून घ्या. अर्धा लिटर दुधाची पिशवी फोडून वाटीने पातेल्यात ओता. तीन वाट्या भरून वर थोडं उरलं तर वाटी साधारण 150 मिलीची. बरोबर चार भरल्या तर 125 ची.

150 च्या वाटीने कॉर्नफ्लेक्स पावणेदोन वाट्या घेतले की 30 ग्रॅमच्या आसपास होतात. सैल भरायचे, दाबायचे नाहीत, शीगही लावायची नाही. त्याला दूध पाऊण वाटी. डबा संपत आला की तळाशी चुरा उरतो, त्याला मात्र हे माप लावू नका. वाटीभर चुऱ्याचं वजन वाटीभर अख्ख्या फ्लेक्सपेक्षा बरंच जास्त भरतं, आणि तो दूध क्षणात पिऊन टाकतो. आमच्याकडे चुरा म्युझलीत नाहीतर केळ्याच्या शिकरणीत जातो.

फ्लेक्स पूर्ण बुडतील इतकं दूध घातलं तर काय बिघडतं?

कॉर्नफ्लेक्स भाजताना त्यांच्यातलं पाणी जवळजवळ सगळं उडवलेलं असतं, शेकडा तीनच्या आसपास ओल उरते. इतक्या कोरड्या अवस्थेत मक्याचा स्टार्च काचेसारखा कडक असतो, म्हणून चावताना तो मोडतो आणि आवाज करतो. ओल वाढली की तोच स्टार्च लवचीक होतो. मग तो मोडत नाही, नुसता दबतो. एकदा दूध प्यायलेला फ्लेक वाडग्यात पुन्हा कडक होत नाही.

सगळे फ्लेक्स एकदम बुडवले की सगळ्यांचं घड्याळ एकदम सुरू होतं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तुम्ही अर्ध्या वाडग्यापाशी असता आणि उरलेला अर्धा लगदा झालेला असतो. निम्म्या उंचीपर्यंत दूध असेल तर वरचा थर थांबून राहतो. खालचे खात जाल तसे वरचे खाली येतात आणि नुकते भिजलेले तोंडात जातात. त्यामुळे अर्ध्याच दुधात कमीपणा वाटत नाही.

याहून चांगलं म्हणजे दूध दोनदा घालायचं. पाऊण वाटीतलं अर्धं आधी, आणि अर्धा वाडगा खाऊन झाल्यावर बाकीचं. त्यासाठी टेबलावर दुधाचं छोटं भांडं ठेवावं लागतं, एवढाच काय तो व्याप.

गरम दूध घालायचं की गार?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला आहे, आणि तो आपल्याकडचाच आहे. जिथे हा पदार्थ जन्मला तिथे तो गार दुधातच खाल्ला जात होता. अमेरिकेत मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. तिथल्या आरोग्यधामात जॉन हार्वी केलॉग आणि विल कीथ केलॉग हे भाऊ रुग्णांच्या आहारावर प्रयोग करत होते. 1894 मध्ये उकडून ठेवलेला गहू पडून राहिला, तो तसाच रुळांतून काढला, आणि त्याच्या पोळीऐवजी दाण्यागणिक पापुद्रे पडले. पुढे गव्हाच्या जागी मका आला आणि 1906 मध्ये विल यांनी कंपनी काढली. त्याआधी 1863 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्स केलेब जॅक्सन यांनी ग्रॅन्युला नावाचं धान्य केलं होतं. ते इतकं टणक की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. पापुद्र्यांचं नवल त्यामुळेच झालं: सकाळी डब्यातून काढा, गार दूध ओता, खा.

आपल्याकडे केलॉग 1994 मध्ये आली, आणि त्यांचा कारखाना आपल्या शेजारीच तळोज्याला उभा राहिला. त्याआधीही मोहन मीकिनचे कॉर्नफ्लेक्स काही घरांत होते. पण आपल्या घरांत दूध सकाळी येतं, ते तापवलं जातं, आणि सकाळी गार दूध पोटात घालणं आजही कितीतरी जणांना पटत नाही. गार दुधासाठी केलेला पापुद्रा आपण वाफाळत्या दुधात घातला. तो मऊ पडणारच.

आमच्याच घरी असं झालं आहे. एका पावसाळी सकाळी उशीर झाला होता. पातेल्यातलं उकळी आलेलं दूध मी तिन्ही वाडग्यांत पळीने वरून ओतलं आणि मुलांना हाका मारल्या. ती येईपर्यंत दोन मिनिटंही गेली नसतील. वाडग्यात पिवळट लापशी झाली होती आणि वर साय धरत होती. मुलाने एक चमचा खाल्ला, वाडगा सरकवला आणि दप्तर उचललं. तो उपाशी शाळेत गेला याची टोचणी मला दिवसभर होती. दूध काळजीपूर्वक ओतायला मी त्या दिवसापासून लागलो.

आता नियम असा केलाय. कुरकुरीत हवे असतील तर फ्रीजमधलं गार दूध. गार सोसत नसेल तर कोमट, म्हणजे करंगळी बुडवली तर नुसती ऊब लागेल इतपत. कोमट दुधात फ्लेक्स मिनिटाभरात नरमतात, म्हणून प्रमाण कमी ठेवायचं: अर्धी वाटी, आणि तीही दोनदा मिळून. कढत दूध फ्लेक्सवर घालू नये. गरमच हवं असेल तर दूध प्यायला वेगळं द्या आणि फ्लेक्स त्यात चमच्या-चमच्याने घालून खाऊ द्या. माझे वडील असंच खायचे. पेल्यात गरम दूध, हातात बशीभर कॉर्नफ्लेक्स, खारी-बटर खाल्ल्यासारखे.

आधी दूध की आधी फ्लेक्स?

आधी फ्लेक्स. त्यांची उंची दिसल्याशिवाय दुधाचा अंदाज येत नाही. आधी दूध घेतलं की माणूस ते झाकेपर्यंत फ्लेक्स घालत राहतो, मग दूध उरलं म्हणून आणखी फ्लेक्स, फ्लेक्स उरले म्हणून आणखी दूध. एका वाडग्याचे दोन होतात. अगदी हळू खाणाऱ्या मुलाला मात्र वाडग्यात थोडं दूध आणि शेजारी वाटीत कोरडे फ्लेक्स द्यावेत. तो चार-चार घालत खातो.

कोणतं दूध घ्यावं? टोन्ड, गाईचं, की म्हशीचं?

पिशवीवर फॅट छापलेलं असतं ते वाचा. डबल टोन्डमध्ये शेकडा 1.5, टोन्डमध्ये 3, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5 आणि फुल क्रीममध्ये 6. स्निग्धांश जास्त असेल तर दूध फ्लेक्समध्ये जरा सावकाश शिरतं. पाण्यासारख्या पातळ दुधात ते लवकर बसतात. त्यामुळे गार फुल क्रीम दुधात कुरकुरीतपणा सर्वांत जास्त वेळ टिकतो. पण ते जडही असतं, वाडग्यामागे साधारण 110 कॅलरी नुसत्या दुधाच्या होतात. टोन्ड घेतलं तर 75 च्या आसपास. वाढत्या वयाच्या, धावपळ करणाऱ्या मुलांना मी फुल क्रीम घालतो, आम्हा मोठ्यांना टोन्ड.

दूध कमी घालून कॅलरी वाचवायच्या हा विचार मला पटत नाही. 30 ग्रॅम कॉर्नफ्लेक्समध्ये प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपास असतात. 125 मिली दूध त्यात चारेक ग्रॅमची भर घालतं, शिवाय दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम. नुसत्या फ्लेक्सवर कोणाचंही अकरापर्यंत निभत नाही. वाडग्यातलं पोटाला धरून ठेवणारं जे आहे ते बरंचसं दुधातून येतं.

सायीबद्दल: साय गाळणीने काढून ठेवा. ती फ्लेक्सवर पडली की त्यांना चिकटून त्यांचा एकच गोळा होतो. गोठ्यावरचं सुटं दूध असेल तर ते उकळल्याशिवाय वापरू नका. उकळून, झाकून, निववून मग फ्रीजमध्ये. आदल्या रात्री तापवलेलं दूध सकाळी या कामाला उत्तम.

साखर, गूळ, मध, फळं कधी घालायची?

साखर घालायचीच असेल तर दुधात आधी विरघळवा. वरून भुरभुरवलेली साखर तळाशी बसते, मग ती पुरी पडत नाही असं वाटून आणखी घातली जाते. चॉकलेटच्या किंवा साखरेचा थर असलेल्या प्रकारांना वरून काहीही नको.

गूळ कढत दुधात टाकला की दूध फाटण्याची भीती असते. दूध कोमट झाल्यावर बारीक चिरलेला गूळ घाला.

केळं, चिकू, सफरचंद, पिकलेला आंबा यांना अडचण नाही. फळ घातलं की दूध दोन-तीन चमचे कमी करा, कारण फळाने वाडग्यातली पातळी वर येते आणि आपण फसतो. कच्चा अननस आणि पपई दुधात ठेवून देऊ नका. त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातल्या प्रथिनांवर काम करतात आणि दूध कडू लागतं. स्ट्रॉबेरी आंबट असते, ती अगदी शेवटी, गार दुधात.

तळाशी दूध उरतं ते टाकून द्यावं का?

नाही, प्यायचं. पुष्कळ कॉर्नफ्लेक्समध्ये ब जीवनसत्त्वं वरून घातलेली असतात आणि ती पाण्यात विरघळणारी असतात. फ्लेक्स भिजले की त्यांतली काही दुधात उतरतात. ते दूध ओतून दिलं म्हणजे ज्याचे पैसे दिले तेच मोरीत गेलं.

लोहसुद्धा घातलेलं असतं. काही प्रकारांत ते लोखंडाच्या अगदी बारीक पुडीच्या रूपात असतं. फ्लेक्स कुटून पाण्यात ढवळले आणि पिशवीबाहेरून चांगला जोरदार चुंबक फिरवला तर काळसर कण जमा होताना दिसतात. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही ते करून पाहिलं होतं. चुंबकापाशी केसासारखी काळी रेघ जमली, तेव्हा तिने ती बोटाने पुसून बघितली आणि मग बराच वेळ डब्यावरची यादी वाचत बसली. हे लोह अंगी लागावं म्हणून सोबत पेरू किंवा संत्रं द्या, आणि खाल्ल्याखाल्ल्या चहा देऊ नका. चहा त्याच्या आड येतो.

दूध रोजच उरत असेल तर मूळ माप चुकतंय. दुसऱ्या दिवशी दोन चमचे कमी घाला. आठवडाभरात हात बसतो.

दूध-पोह्यांना दूध किती?

खरं तर हा प्रश्न पहिला यायला हवा होता. धान्याचा पापुद्रा करून त्यावर दूध घालणं बॅटल क्रीकच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे चालत आलं आहे. भात भिजवायचा, भाजायचा, कांडून चपटा करायचा. म्हणजे पोहे आधीच शिजलेले असतात, त्यांना फक्त ओल लागते. फरक असा की कॉर्नफ्लेक्स भिजू नयेत म्हणून आपण धडपडतो आणि पोहे नीट भिजावेत म्हणून.

पातळ पोहे: चाळून, निवडून घ्या. धुऊ नका. एक वाटी पोह्यांना अर्धी वाटी दूध, कोमट किंवा गार. हाताने किंवा चमच्याने वरखाली करून दोन मिनिटं झाका. झाकण काढाल तेव्हा तळाशी दूध दिसणार नाही, पोहे फुललेले पण सुटे असतील. आता त्यात पाव वाटी दूध आणि घाला. हे दुसरं दूध खाताना लागतं. पाऊण वाटी एकदम घातलं तर वरचे पोहे कोरडे आणि खालचे गिच्च होतात.

जाडे पोहे: आधी पाण्यात धुऊन चाळणीत निथळायचे आणि दहा मिनिटं ठेवायचे. एक दाणा दोन बोटांत दाबून बघा. मधे टणक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं. मग वाटीला वाटी दूध. कोकणातले तांबडे पोहे असतील तर निथळल्यावर वीस मिनिटं तरी द्या, दूध तेवढंच. त्यांच्यावरचा कोंडा ओल हळू घेतो, आणि चवीला ते मला सगळ्यांत आवडतात. खोबरं, गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडाला उठाव येत नाही.

गोव्यात आणि तळकोकणात दिवाळीच्या पहिल्या दिवशी, नरकचतुर्दशीला, पोह्यांचे कितीतरी प्रकार पानात असतात. दुधातले फोव, ताकातले, आणि नारळाच्या रसातले. नारळाचा रस घालताना दुधाचं माप चालत नाही. तो दाट असतो, पोह्यांत तितका झिरपत नाही आणि वर राहतो. तिथे एका वाटीला वाटीभर रस लागतो, तोही खायला बसताना.

राजगिऱ्याच्या आणि ज्वारीच्या लाह्यांचं काय?

लाह्या भरपूर दिसतात पण त्यांत बहुतेक हवा असते. वाटीभर राजगिऱ्याच्या लाह्यांना पाव ते अर्धी वाटी दूध खूप झालं, आणि घातल्याबरोबर खायचं. उपवासाच्या दिवशी माझी आई अजूनही लाह्या दुधात घालत नाही, दूध लाह्यांवर शिंपडते. तीन-चार चमचे, मग खाते, मग पुन्हा तीन-चार. पन्नास वर्षांची सवय आहे ती, आणि दोनदा ओतायचं हे मी तिच्याकडे बघूनच शिकलो.

ज्वारीच्या लाह्या जरा दमदार, त्यांना अर्धी वाटी. मात्र तळाशी न फुटलेले गडंग असतात, ते आधी चाळून काढा, दात दुखावतो.

सातूच्या पिठाला मापच नाही. दूध थोडं-थोडं घालत गुठळ्या मोडायच्या. कोणाला घट्ट आवडतं, कोणाला ओघळणारं.

ओट्स आणि म्युझलीला तेच प्रमाण चालेल का?

नाही. ओट्स शिजवताना 40 ग्रॅमला, म्हणजे साधारण पाऊण ते एक वाटीला, दोन वाट्या पातळ पदार्थ लागतो. मी अर्धं पाणी, अर्धं दूध घेतो. आधी पाण्यात शिजवायचे आणि दूध शेवटी घालायचं, म्हणजे ते तळाला लागत नाही आणि उतूही जात नाही. रात्रभर भिजवून फ्रीजमध्ये ठेवायचे असतील तर ओट्सइतकंच दूध पुरतं. सकाळी घट्ट वाटलं तर चमचाभर वाढवा.

म्युझलीत ओट्स, सुका मेवा, बिया असतात, त्यामुळे ती जड. 45 ग्रॅमला 125 मिली, आणि घालून पाच-दहा मिनिटं थांबा. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक इथले डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी 1900 च्या सुमारास रुग्णांसाठी म्युझली केली तेव्हा ती मुळात किसलेल्या सफरचंदाची होती. त्यात ओट्स चमचाभर, आणि तेही रात्रभर पाण्यात भिजवलेले. आज डब्यात येते ती कोरडी म्युझली लगेच कचाकचा खायची घाई करू नये, पोटात जाऊन ती फुगते.

हल्ली नाचणीचे आणि ज्वारीचे फ्लेक्सही मिळतात. ते मक्याच्यापेक्षा जाड आणि चिवट असतात. कोमट दूध इथे खरंच उपयोगी पडतं. 30 ग्रॅमला पाऊण वाटी, पाच मिनिटं झाकून.

वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना किती दूध?

कवळी असलेल्यांना अर्धवट भिजलेला फ्लेक सर्वांत वाईट. तो हिरडीखाली जाऊन बसतो आणि त्याची कडा टोचते. त्यांच्यासाठी दूध पूर्ण चौपट घ्या, कोमट, आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. आई चमच्याच्या पाठीने एक फ्लेक वाडग्याच्या कडेला दाबून बघते. सहज पसरला तर खाते, नाहीतर झाकण परत ठेवते. मुलांसाठी जे बिघडलेलं, तेच तिच्यासाठी नीट झालेलं असतं. म्हणून एकाच मापाने सगळ्यांचे वाडगे भरू नयेत.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला कोरडे फ्लेक्स देऊ नका, घशात अडकू शकतात. चुरून, भिजवून, समोर बसून भरवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत इथलं कुठलंच माप लावू नका, बालरोगतज्ज्ञ सांगतील तेच करा.

मधुमेह असेल तर दूध वाढवून फ्लेक्स चालतात का?

दूध वाढवल्याने फ्लेक्समधली पिष्टं कमी होत नाहीत. 30 ग्रॅममध्ये ती 25 ग्रॅमच्या आसपास असतातच, आणि कॉर्नफ्लेक्स रक्तातली साखर भराभर वाढवणाऱ्या पदार्थांत मोडतात. त्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स 80 च्या आसपास आहे, आणि 70 च्या वर म्हणजे जास्त. फ्लेक्स निम्मे करा, बदाम-शेंगदाणे घाला, किंवा न भरडलेले ओट्स घ्या. किती आणि केव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दूध सोसत नाही. पर्याय काय?

गोड ताजं दही चमच्याने सारखं करून घ्या. 30 ग्रॅमला अर्धी वाटी. दह्यात फ्लेक्स दुधापेक्षा बराच वेळ कुरकुरीत राहतात. अनेकांना दूध बाधतं पण दही बाधत नाही. सोयाचं दूध घेत असाल तर कॅल्शियम घातलेलं बघून घ्या, माप नेहमीच्या दुधाचंच.

परदेशात राहतो. तिथल्या दुधाला हेच माप का?

माप तेच, पण चव पातळ लागेल. ब्रिटनमध्ये हिरव्या झाकणाचं सेमी-स्किम्ड दूध घरोघरी असतं, त्यात स्निग्धांश 1.8 च्या जवळपास, म्हणजे आपल्या डबल टोन्डच्या जरा वर. पुण्या-कोल्हापुरात म्हशीच्या दुधावर वाढलेल्या माणसाला ते पाण्यासारखं वाटतं आणि दाटपणा यावा म्हणून तो जास्त ओतत राहतो. निळ्या झाकणाचं होल मिल्क आणा आणि तिपटीवर थांबा. अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये 3.25, आपल्या टोन्डच्या जरासं वर. पातळ पोह्यांनाही तिथे तेच वापरा.

पावसाळ्यात फ्लेक्स सादळतात. दूध कमी घातलं तर चालतील का?

सादळलेल्यांना कमी दूध घालून काही साधत नाही, ओल आधीच आत गेलेली असते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून घ्या, हात चालू ठेवा. पूर्ण गार झाल्यावरच दूध घाला. गरम असताना घातलं तर चर्र आवाज होऊन ते लगेच बसतात. डबा फोडल्यावर आतली पिशवी गुंडाळून, चिमटा लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर ही वेळ सहसा येत नाही.

मुलांना स्वतः दूध ओतू द्यावं का?

हो, पाच-सहा वर्षांपासून. पण पातेलं किंवा लिटरचा खोका हातात देऊ नका. त्यांच्या हातात मावेल असं चोच असलेलं छोटं भांडं द्या आणि त्यात त्यांच्या वाट्याचं पाऊण वाटीच दूध घाला. सांडलं तरी तेवढंच सांडेल, आणि पुन्हा मागायला आपण समोर असतो. पहिले काही दिवस ती एकदम रिकामं करतात. मग एक दिवस थांबतात. आमची मुलगी आता काठाने ओतते, मान वाकडी करून वाडग्याच्या पातळीला डोळे आणते, आणि पहिला फ्लेक उचलला गेला की भांडं बाजूला ठेवते. उरलेलं दूध ती दादाच्या हाताला लागणार नाही अशा बेताने आपल्या उजवीकडे ठेवते.